घोटा सारखा मुरगळतो. व्यायामाने खरंच सुधारतो का?

अबोली | १४ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. हा धागा काढू काढू म्हणत वर्ष गेलं. परवा पुन्हा पाय मुरगळला, म्हणून आज पाय उशीवर ठेवून लिहायला बसलेच.

वय ४१, नागपूर, शाळेत शिकवते. डावा घोटा. सुरुवात २०१९ मध्ये झाली. स्नेहसंमेलनाच्या दिवशी हातात तीन मुकुट आणि एक गदा घेऊन स्टेजवरून उतरत होते. अजून एक पायरी आहे हे लक्षातच आलं नाही. पाऊल आत वळलं आणि बाहेरच्या बाजूने 'कट्' असा आवाज आला. संध्याकाळपर्यंत घोटा वांग्याएवढा, रंगही वांग्याचाच. एक्स-रेत काही नव्हतं. 'हाड शाबूत आहे, लिगामेंट ताणलंय' असं सांगून क्रेप बँडेज, गोळ्या आणि तीन आठवडे आराम. सूज उतरली, मी कामाला लागले, विषय संपला असं वाटलं.

तेव्हापासून मोजून सात वेळा. इतवारीत साड्यांच्या गल्लीत, मुलाच्या बॉलवर, कॉलनीतल्या गणपतीच्या मांडवात. परवाचा प्रकार तर सांगायलाही लाज वाटते. बर्डीवर सिग्नल लागला, गाडी थांबवली, नेहमीसारखा डावा पाय टेकवला. सिमेंट रोड संपून गट्टू (पेव्हर ब्लॉक) सुरू होतात तिथे दोन बोटांचा खालवर आहे, पाऊल नेमकं त्यावर. गाडी, मी आणि भाजीची पिशवी, तिघी आडव्या.

दुखणं चार-पाच दिवसांत जातं. गेलाय तो भरवसा. मी रस्त्याने चालताना माणसं बघत नाही, जमीन बघते. विद्यार्थ्यांचे आईबाप समोरून नमस्कार करून जातात आणि मला पत्ता नसतो. एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत 'पट्टा लावा, वजन कमी करा' म्हणून वाटेला लावलं. आई म्हणते लहानपणापासूनच पायात जीव नाही.

प्रश्न एवढाच: व्यायामाने हे खरंच सुधारतं का, की ताणलेलं लिगामेंट म्हणजे सैल झालेलं इलॅस्टिक, संपला कारभार? जिमला वेळ नाही, घरी जमेल ते सांगा.

उंटावरचा_शहाणा | १४ जून, रात्री ११:०५

म्हणजे हा घोट्याचा घोटाळा आहे तर.

(सॉरी. राहवलं नाही. माहीतगार येतीलच, तोवर खुर्ची पकडून बसतो.)

नानाजी_महाल | १५ जून, सकाळी ६:२०

बेटा, ही नस चढलेली आहे. आमच्याकडे महालात एक जण नस बसवायचे, खाटेवर बसवून एकच झटका देत, माणूस चालत घरी. आता ते राहिले नाहीत. आंबेहळद, तुरटी गरम करून लेप लाव, वरून एरंडाचं पान बांध. व्यायाम वगैरे करून दुखरी जागा अजून छेडू नकोस.

केतकी_फिजिओ | १५ जून, दुपारी २:१५

अबोलीताई, पोटापाण्याचा धंदा हाच असल्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी परवाच्या मुरगळण्याबद्दल. घोट्याला दोन बाजूंना जी दोन टेंगळं असतात, त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोटाने दाबून बघा. हाडच दुखतंय का? पडल्या पडल्या आणि नंतर दवाखान्यातसुद्धा चार पावलं टाकता येत नव्हती का? पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर एक हाड वर आलेलं लागतं, किंवा आत कमानीच्या वर एक आहे, तिथे दाबून दुखतं का? यातलं काहीही 'हो' असेल तर व्यायाम बाजूला, आधी एक्स-रे. याला ऑटावा नियम म्हणतात. १९९२ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी मांडले, जगभर वापरतात. सगळं 'नाही' असेल तर पुढे वाचा.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट आहेत. त्यातलं पुढचं, अँटीरियर टॅलोफिब्युलर, सगळ्यात नाजूक. बोटं खाली आणि तळवा आत अशा अवस्थेत पाऊल वळलं, म्हणजे पायरी चुकल्यावर वळतं तसं, की पहिला मार त्यालाच. तुमचा तो 'कट्' आवाज बहुतेक त्याचाच. ते भरून येतं, पण पुष्कळदा थोडं लांब होऊन भरतं. तुमची इलॅस्टिकची उपमा इथवर बरोबर.

पण लिगामेंट ही नुसती बांधायची दोरी नाही. त्यात आणि सांध्याच्या वेष्टनात मज्जातंतूंची टोकं असतात. पाऊल किती वळलंय, वजन कुठल्या कडेवर आहे, ही खबर ती सतत वर पाठवत असतात. १९६५ मध्ये फ्रीमन नावाच्या ब्रिटिश सर्जनने मांडलं की दुखापतीनंतर घोटा पुन्हा पुन्हा दगा देतो तो ही खबर बिघडल्यामुळे, आणि त्याने रुग्णांना डुगडुगणाऱ्या फळीवर उभं करून व्यायाम दिले. त्याच्या कल्पनेत नंतर पुष्कळ भर पडली, दुरुस्त्याही झाल्या, फळी मात्र आजही प्रत्येक फिजिओच्या खोलीत आहे.

आता एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही. पाऊल एकदा वळायला लागलं की ते सावरायला स्नायूंना वेळच पुरत नाही, कितीही बळकट असले तरी. सगळा खेळ पाऊल जमिनीला टेकायच्या आधीचा आहे. चांगला घोटा हवेत असतानाच नीट धरलेला असतो, नडगीच्या बाहेरच्या अंगाचे पेरोनियल स्नायू आधीच तयार असतात. तुमचं पाऊल हवेतच थोडं आत झुकलेलं येतं. गट्टूची कड निमित्त झाली, इतकंच. (निमित्तं या शहरात फार आहेत, ते सोडा.)

तेव्हा उत्तर: हो, सुधारतं. ही खबर पुन्हा शिकवता येते. मात्र शिकवावी लागते, आरामाने ती परत येत नाही. २०१९ ला तुम्हाला तीन आठवडे आराम मिळाला, शिकवणी मिळालीच नाही.

नानाजी काका, लेपाला माझी ना नाही, उबेने बरं वाटतं. झटका मात्र कुणाकडूनच नको. ताज्या दुखापतीत बारीक फ्रॅक्चर असलं तर झटक्याने ते सरकतं.

नानाजी_महाल | १५ जून, संध्याकाळी ५:५०

झटका देणाऱ्याचा हात पाहिजे, एवढंच म्हणतो. बाकी तू शिकलेली आहेस.

मातीतला_गडी | १५ जून, रात्री ९:३०

केतकीताईनं लाखातली गोष्ट सांगितली. मी पोट्ट्यांले कबड्डी शिकवतो, वीस-बावीस वर्षं झाली. घोटे पाहून पाहून डोळे पिकले माहे.

आमच्याकडे काय होते, सांगतो. पोट्ट्याचा पाय मुरगळला का तो आठ दिवस लंगडते, स्प्रे मारते, नवव्या दिवशी मैदानात हजर. 'सर, दुखूनच नाही राहिलं.' दुखत नाही म्हणजे बरा झाला, असा त्याचा हिशेब. मंग मी त्याले त्या पायावर उभा करतो, डोळे मिटायले लावतो आणि मोजतो. पाच म्हणेपर्यंत गडी गेला बाजूले. चांगल्या पायावर तोच पोट्टा वीस-पंचवीस सहज. तवा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडते.

आता माह्या इथं नियम हाय. सकाळी दात घासायचे ते एका पायावर. ब्रश उजव्या हातात त त्या दिवशी डावा पाय, दुसऱ्या दिवशी उलटं. घरचे हसतात म्हणतात. हसू दे.

बर्फाचं विचारायचं होतं ताई. आम्ही बर्फ-आराम-पट्टी-पाय वर, हेच शिकलो. आता एक जण म्हणते बर्फ लावूच नका. काहून?

केतकी_फिजिओ | १६ जून, सकाळी ८:१०

गडीभाऊ, तुमची ती डोळे मिटायची परीक्षा आम्हीही घेतो, घड्याळ लावून.

बर्फाचं असं आहे: ते चार इंग्रजी आद्याक्षरांचं 'राइस' सूत्र मर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९७८ मध्ये पुस्तकात लिहिलं. २०१४ मध्ये त्यानेच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं व्हायला उशीर होऊ शकतो, कारण सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे. मी मधला मार्ग सांगते. पहिल्या दिवशी ठणका असह्य असेल तर फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं, दुखणं कमी व्हावं म्हणून. दिवसभर लावून बसायचं नाही. आणि सोसेल तितकं वजन लवकरात लवकर टाकायला लागायचं.

अबोली | १६ जून, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. हाडावर दाबून पाहिलं, हाड दुखत नाही, चालता येतंय. गडीदादांची परीक्षा दिली. उजवा पाय १९. डावा ३. तीन! तेही भिंतीचा धावा करत.

केतकी, आता व्यायाम सांगा.

केतकी_फिजिओ | १७ जून, दुपारी ३:३०

सांगते, पण दोन अटी. प्रत्यक्ष कुणाला तरी एकदा दाखवा, कारण घोटा 'सैल' आहे की नुसता 'बेभरवशाचा' हे हात लावल्याशिवाय कळत नाही. आणि व्यायामाने रात्री सूज चढली किंवा दुखणं सकाळपर्यंत टिकलं तर एक पायरी मागे या.

पहिले दोन आठवडे वाकणं परत मिळवा. भिंतीसमोर उभं राहायचं, डावं पाऊल भिंतीकडे सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला की पाऊल थोडं मागे घ्या, पुन्हा टेकवा. टाच न उचलता अंगठा भिंतीपासून किती लांब जातो ते फरशीवर खडूने लिहून ठेवा, उजव्या पायाचंही. दोन्हींत दोन बोटांहून जास्त फरक असेल तर घोटा पुढे वाकत नाहीये. असा घोटा पाऊल नीट टेकू देत नाही. हे मोजमाप करायचं सोडून लोक थेट फळी विकत घेतात, तिथेच चुकतं.

त्याच काळात ताकद. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलणं, जमलं की एकाच पायावर. रबरी पट्टा मिळाला तर उत्तम, नाहीतर जुन्या ओढणीचा फास करून खाटेच्या पायाला बांधा, पावलात अडकवा आणि पाऊल बाहेरच्या बाजूला ओढा. गुडघा फिरू द्यायचा नाही, फक्त पाऊल. सावकाश बाहेर, त्याहून सावकाश परत. नडगीच्या बाहेरून जळजळलं म्हणजे बरोबर जागी लागलं. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा व्यायामही घाला. कमरेच्या बाजूचा स्नायू ढिला असेल तर सगळं वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर जातं आणि घोट्याला नाहक बोल बसतो.

मग तोल. एका पायावर अर्धा मिनिट, तीनदा. यात 'उभं राहणं' ही गोष्ट फार वेळ करत बसू नका. ते जमलं की लगेच त्यात बिघाड घाला. मान डावीकडे-उजवीकडे फिरवा. मग डोळे मिटा. मग घडी घातलेली सतरंजी, मग उशी. मग मुलाला सांगा बॉल टाकायला, झेलून परत फेकायचा. बाजारात कुणी तुम्हाला 'आता तोल सांभाळा हं' असं सांगून धक्का मारत नाही. लक्ष दुसरीकडे असताना तोल राहायला हवा.

दिवसाला पंधरा मिनिटं पुरे. निदान आठ आठवडे. हॉलंडमधल्या एका मोठ्या प्रयोगात, २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या, घोटा मुरगळलेले ५२२ खेळाडू होते. निम्म्यांना नेहमीच्या उपचारावर आठ आठवडे घरच्या घरी तोलाचे व्यायाम दिले, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. वर्षभरात व्यायामवाल्यांपैकी २२ टक्क्यांचा पाय पुन्हा मुरगळला, इतरांपैकी ३३ टक्क्यांचा. म्हणजे जादू नाही, पण घरबसल्या, फुकटात, हे वाईट नाही.

पहाटवारा | १७ जून, रात्री १०:२०

उत्तम चर्चा, वाचनखूण साठवली आहे.

मी अंबाझरी ते फुटाळा पळतो आठवड्यातून चार दिवस. माझ्या ग्रुपात दोन तट आहेत. एक म्हणतो घोट्याचा पट्टा लावाच, दुसरा म्हणतो पट्ट्याने स्नायू आळशी होतात, अनवाणी पळा. मी चार वर्षं पट्टा लावून पळतोय आणि काढायची भीती वाटते, हे कबूल.

केतकी_फिजिओ | १८ जून, सकाळी ७:४५

एकदा मुरगळलेल्या घोट्याला खेळताना पट्टा किंवा टेपिंग (चिकटपट्टी गुंडाळणं) केल्याने पुन्हा मुरगळणं कमी होतं, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. पट्ट्याने स्नायू आळशी होतात याला तसा आधार नाही. पण पट्टा शिकवत नाही, तो फक्त राखण करतो. पळताना, खेळताना, गर्दीत लावा. घरात आणि व्यायाम करताना काढा. तुमचा पट्टा चार वर्षं पायात आहे आणि व्यायाम शून्य, बरोबर ना?

पहाटवारा | १८ जून, सकाळी ७:५२

चोर पकडला गेला.

रानजाई | १९ जून, दुपारी १२:३०

माझी दुसरी बाजू सांगते, कारण सगळ्यांचं व्यायामावर भागत नाही.

कॉलेजपासून खो-खो. उजवा घोटा इतका सैल होता की मैत्रिणी गंमत म्हणून हाताने हलवून बघायच्या. पाच महिने मनापासून व्यायाम केले, ताकद आली, तोलही आला, पण सपाट जमिनीवरसुद्धा सांधा पुढे सटकल्यासारखा व्हायचा. शेवटी ब्रॉस्ट्रॉम ऑपरेशन झालं. स्वीडनच्या ब्रॉस्ट्रॉमने १९६६ मध्ये ही पद्धत सांगितली: आपलंच सैल झालेलं लिगामेंट आखडून शिवायचं, बाहेरचं काही बसवायचं नाही.

ऑपरेशन झालं म्हणजे सुटले असं वाटलं होतं. प्लास्टर निघालं, मग बूट आला आणि त्यानंतर काय? तेच! भिंत, ओढणी, एका पायावर बगळा. सर्जन मला म्हणाले, आधी पाच महिने केलेस म्हणून आता लवकर उभी राहिलीस. त्यामुळे अबोली, निकाल काहीही लागो, ते पंधरा मिनिटं वाया जात नाहीत.

आणखी एक. सांधा अडकत असेल, आत खोल दुखत असेल, किंवा महिनोन्‌महिने सूज राहत असेल तर नुसता व्यायाम रेटू नका. कूर्चेला मार असू शकतो. माझ्या एका मैत्रिणीचं तेच निघालं, एमआरआयनंतर.

कढीगोळे | १९ जून, रात्री ८:४०

माझ्या आईला (वय ६८) हे चालेल का? तिचाही पाय दोनदा मुरगळलाय, दोन्ही वेळा अंगणातल्या ओट्यावरून उतरताना.

अवांतर: नानाजींच्या एरंडाच्या पानाने माझ्या आजीचा गुडघा खरंच बरा वाटायचा.

केतकी_फिजिओ | १९ जून, रात्री ९:२५

चालेल, पण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दोन बाजूंना ओटा, मागे खुर्ची. डोळे मिटणं आणि उशी तूर्त नको. सुरुवात एका पावलापुढे दुसरं पाऊल, टाचेला अंगठा लावून उभं राहण्यापासून. मधुमेह असेल, तळव्यांना मुंग्या येत असतील किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर. त्यात दोष घोट्याचा नसूही शकतो. आणि त्या ओट्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा मारून घ्या. ५० रुपयांचा उपाय आहे.

अबोली | ९ जुलै, रात्री १०:१०

हजेरी लावते. बावीस दिवस, त्यातले चार बुडाले (शाळा सुरू झाली, वेळापत्रक, पालकसभा, पाऊस).

केतकीच्या सांगण्यावरून घराजवळ एका फिजिओला दाखवून आले. त्यांनी नऊ प्रश्नांचा कागद भरायला दिला. खालवर जमिनीवर चालताना कसं वाटतं, एका पायावर उभं राहताना कसं, पायऱ्या उतरताना कसं. एकूण ३० गुण. मला १४ मिळाले. विद्यार्थ्यांना ३० पैकी १४ देताना मी काय शेरा मारते ते आठवलं. घोटा हाताने ओढून पाहिला. म्हणाले, थोडा सैल आहे, पण ऑपरेशनचं नाव काढायचं कारण नाही. मुख्य दुखणं भरवशाचं.

भिंतीचा व्यायाम: उजवा अंगठा भिंतीपासून अकरा सेंटिमीटर, डावा सहा. आता आठ. फरशीवरच्या खडूच्या रेघा पुसायच्या नाहीत म्हणून बाईंना बजावलंय. दात एका पायावर घासते. नवरा पहिल्या दिवशी हसला, तिसऱ्या दिवशी गुपचूप स्वतः करून बघत होता, टूथपेस्टसकट बेसिनवर आपटला.

डोळे मिटून डावा: ९.

मातीतला_गडी | ९ जुलै, रात्री १०:४५

तीनचे नऊ! वा ताई. आता खरं काम सुरू होते. दुखणं थांबलं का माणूस सोडून देते, याच टाइमाले. माह्या पोट्ट्यांतले अर्धे इथंच गळतात.

केतकी_फिजिओ | १० जुलै, दुपारी १:०५

आता चांदणी घालूया, म्हणजे तोलाची एक परीक्षाच. अंगणात किंवा गच्चीवर रांगोळीने एक रेघ समोर काढा. त्याच बिंदूतून मागे तिरप्या दोन रेघा, एक डावीकडे, एक उजवीकडे, इंग्रजी वाय उलटा ठेवावा तशा. मध्यावर डावा पाय रोवायचा, हात कमरेवर, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याने प्रत्येक रेघेवर जमेल तितकं लांब नुसतं शिवून परत यायचं. वजन टाकायचं नाही, शिवायचं. टाच उचलली, तोल गेला, तर ती फेरी बाद. जिथपर्यंत पोचाल तिथे खूण करा. मग पाय बदलून. दोन्ही पायांच्या खुणा शेजारी शेजारी दिसल्या की वेगळं काही सांगायला नको. मूळ परीक्षेत आठ रेघा आहेत, म्हणून चांदणी; घरी तीन पुरतात.

हे जमलं की उडी. पायरीवरून नव्हे, जमिनीवरच, दोन पायांवरून एका पायावर. उडीपेक्षा उतरणं महत्त्वाचं: गुडघा वाकलेला, आवाज न करता, आणि तीन म्हणेपर्यंत पुतळा. पावलाचा 'थप्प' आवाज आला म्हणजे घोटा हवेत झोपला होता.

अबोली | २ ऑगस्ट, रात्री ९:१५

चांदणीची गोष्ट सांगायलाच हवी. गच्चीवर रांगोळीने रेघा काढल्या, सकाळचा व्यायाम करून खाली आले. संध्याकाळी वर गेले तर मध्यबिंदूवर हळदकुंकू, एक फूल आणि खडीसाखर. सासूबाईंना वाटलं, मी कुठलं तरी व्रत धरलंय. 'कसलं आहे गं?' म्हणाल्या. म्हटलं, घोट्याचं. त्या गंभीरपणे म्हणाल्या, मग सोडू नकोस मध्येच.

आता त्या रोज विचारतात, 'चांदणी झाली का?' त्यामुळे बुडवायची सोय राहिली नाही.

मागच्या डाव्या रेघेवर मात्र अजून रडकुंडीला येते. पुढच्या रेघेवर दोन्ही पाय जवळपास सारखे.

नानाजी_महाल | ३ ऑगस्ट, सकाळी ६:०५

सासूबाईंना नमस्कार सांग.

अबोली | ११ सप्टेंबर, रात्री ८:३०

आज वाईट बातमी. पाय पुन्हा मुरगळला. शाळेच्या मैदानात, पावसाने झालेल्या खड्ड्यावर गवत वाढलं होतं. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात असं वाटून स्टाफरूममध्ये रडले, खरं सांगते. सूज आहे. हाड दुखत नाही, चालता येतंय.

केतकी_फिजिओ | ११ सप्टेंबर, रात्री ८:५०

पडलात का?

अबोली | ११ सप्टेंबर, रात्री ८:५८

नाही. तेच आश्चर्य. वळला, आणि मी दुसऱ्या पायावर उडी मारून उभी. हातातल्या वह्यासुद्धा पडल्या नाहीत.

केतकी_फिजिओ | ११ सप्टेंबर, रात्री ९:०४

जूनमध्ये गाडी, तुम्ही आणि भाजी आडव्या होतात. आज वह्यासुद्धा हातात. दोन दिवस सांभाळा, तिसऱ्या दिवशी भिंतीपासून पुन्हा सुरू. या वेळी पहिल्यापासून आठ आठवडे लागणार नाहीत, बघालच.

पहाटवारा | १२ सप्टेंबर, सकाळी ६:४०

मीही सांगून टाकतो. जुलैपासून व्यायाम करतोय, आता पट्टा फक्त लांबच्या पळण्याला. डोळे मिटून २२. ग्रुपातल्या अनवाणी तटाचा पुढारी मात्र सध्या लंगडतोय, त्याला हा धागा पाठवलाय.

अबोली | २३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

काल सहावीच्या वर्गाला घेऊन रामटेकला गेलो होतो. बसने गडावर वरपर्यंत जाता येतं, पण मुलांना खालच्या अंबाळा तळ्याच्या बाजूने पायऱ्यांनी चढायचं होतं. गेली चार वर्षं मी 'सामान सांभाळते' म्हणून बसमध्ये बसते. यंदा चढले. पट्टा लावून, हे लपवत नाही.

चढताना काही वाटलं नाही. उतरताना वाटलं. त्या दगडी पायऱ्या झिजून मध्ये खोलगट झाल्यात, कडा गुळगुळीत, आणि वर माकडं. अर्ध्या वाटेत एका मुलीच्या हातातला पेरू माकडाने ओढला, ती किंचाळून माझ्या अंगावर आली, मी तिला धरलं, माकडाला ओरडले, बाकीच्यांची डोकी मोजली. खाली तळ्याच्या काठी आल्यावर लक्षात आलं की पायऱ्यांकडे मी पाहिलंच नव्हतं.

तो नऊ प्रश्नांचा कागद परत भरला, २५. भिंत साडेदहा. डोळे मिटून डावा पाय २६. केतकी, एक शंका: उजवा अजून १९ वरच आहे. तो कधी मुरगळला नाही, पण आता चांदणीत तोच मागे पडतो. त्याचंही करायचं का?

केतकी_फिजिओ | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५२

करायचं. उद्या सकाळी ब्रश डाव्या हातात घ्या.